होय, नाही आणि डॉख

गेल्या ऑक्टोबरात अण्णांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या एका कॉलवर होतो. एका कानात हेडफोन, दुसऱ्या कानाला मोबाइल. अण्णा म्हणाले, "येत्या आयतवारी सोयाबीनची रास करायलोत. तुला काम असंल. येणार न्हाईस ना?"

मी म्हणालो, "हो हो." आणि फोन ठेवला.

शनिवारी रात्री पुण्याहून ट्रॅव्हल्स धरली. सकाळी नांदेडला उतरलो, तिथून देगलूरच्या एसटीनं नायगाव. बॅग घरी न टाकता तसाच शेतात गेलो. बघतो तर बनीम जागेवर नाही. ताडपत्री घडी घालून ठेवलेली, बांधाला भुसकटाचा ढीग आणि पोती कधीच घरी गेलेली. रास शुक्रवारीच उरकली होती. मशीन मोकळी मिळाली, मजूर मिळाले, वर आभाळ भरून आलेलं. मुलगा काही येणार नव्हता, मग थांबायचं कशाला?

घरी गेलो तर माय घाबरली. "कामून आलास रे असा अचानक? बरा हाईस ना?"

मी अण्णांना म्हणालो, "मी येतो म्हणालो होतो ना तुम्हाला."

"कवा?" अण्णा म्हणाले. "मी इचारलो, येणार न्हाईस ना? तू म्हणलास, हो. आता हो म्हणजे हो की!"

अण्णांचं बरोबर होतं. "येणार नाहीस ना?" याला मराठीत "हो" म्हटलं, की त्याचा अर्थ सहसा "हो, तुम्ही म्हणता ते खरं, नाही येणार" असाच होतो. मला म्हणायचं होतं, येणार. मी जन्मापासून हीच भाषा बोलतोय, तरी माझ्या "हो"चा अर्थ माझ्याच बापाला उलटा लागला होता. हे कसं झालं ते मला पक्कं माहीत होतं, पण भुसकटाच्या ढिगापाशी उभं राहून ते अण्णांना सांगणं अवघड होतं.

त्या "हो"ची सुरुवात आमच्या ऑफिसात झाली होती. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नायगावात दहावी, लातूरला अकरावी-बारावी (हो, तोच लातूर पॅटर्न), पुण्यात इंजिनिअरिंग आणि मग नोकरी. आमच्या टीमचा क्लायंट जर्मन आहे. त्या घटनेच्या काही महिने आधी एका कॉलवर तिकडच्या माणसानं मला इंग्रजीत विचारलं, "काल रात्रीचा बॅकअप झालेला नाही?" मी म्हणालो, "येस." माझ्या डोक्यात वाक्य पूर्ण होतं: येस, झालेला नाही. त्यानं ऐकलं: येस, झालाय. त्याने निवांतपणे जुना टेबल उडवला. पुढच्या दोन रात्री आम्ही तिघंजण लॉग उकरून डेटा परत जुळवत बसलो होतो.

तेव्हा मॅनेजर मला वैतागून म्हणाला, "अरे, येस म्हणजे येस ना?" प्रश्न साधा वाटतो, पण साधा नाही. नकारार्थी प्रश्नाला उत्तर देण्याच्या जगात दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत "हो" म्हणजे "तू जे म्हणालास ते खरं आहे". मराठी तशी आहे, जपानी आणि चिनीसुद्धा. दुसऱ्या पद्धतीत "हो" म्हणजे "ती गोष्ट घडली आहे", मग विचारणाऱ्यानं प्रश्न सुलटा विचारलेला असो की उलटा. इंग्रजी साधारण तशी चालते. माझं इंग्रजी व्याकरण बरोबर होतं, फक्त त्याच्या पोटात मराठी "हो" बसला होता.

त्या दोन रात्रींनंतर मी स्वतःला वळण लावलं. घडलं असेल तर येस, नसेल तर नो. प्रश्न कसाही येवो. कोडमध्ये ट्रू आणि फॉल्स असतं तसं. हे वळण इतकं अंगवळणी पडलं की ते माझ्या मराठीत शिरलं आणि सोयाबीनची रास माझ्याशिवाय झाली.

तर अशा अवस्थेत मी जर्मनच्या क्लासात बसलो होतो. कंपनी वर्षभरासाठी तिकडं पाठवणार अशी चर्चा होती, म्हणून संध्याकाळचा क्लास लावलेला. चौथ्या महिन्यात मॅडमनी फळ्यावर तीन शब्द लिहिले: या, नाइन, डॉख. "या" म्हणजे हो (आपल्याकडं पाहुण्याला म्हणतात ते नव्हे). "नाइन" म्हणजे नाही. आणि "डॉख"?

मॅडमनी एका मुलीला विचारलं, "हास्ट डू निश्त गेगेसन?" तू जेवली नाहीस? मग म्हणाल्या, "ही जेवलेली आहे असं समजा. आता 'या' म्हटलं तर घोटाळा, 'नाइन' म्हटलं तर खोटं. इथे जर्मन माणूस म्हणतो, डॉख! म्हणजे काय, सांगा."

कुणी म्हणालं "ऑफ कोर्स", कुणी म्हणालं "ऑन द कॉन्ट्ररी". माझ्या तोंडून निघून गेलं, "जेवलो की!"

अख्खा वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्या फळ्याकडं वळल्या आणि "डॉख"च्या पुढं बरोबरचं चिन्ह काढून त्यांनी लिहिलं: "की". म्हणाल्या, "हे पुस्तकात नाही. लिहून घ्या."

त्या रात्री मी बराच वेळ हा शब्द तपासत बसलो. समोरच्याच्या "नाही"ला खोडून काढणारा वेगळा "हो" बऱ्याच भाषांत असतो. फ्रेंचमध्ये साधा हो म्हणजे "वी", पण "तू जेवला नाहीस?"ला "सी". स्वीडिशमध्ये साधा हो "या" आणि खोडून काढणारा "यो". गंमत म्हणजे इंग्रजीतही तो होता. जुन्या इंग्रजीत साध्या प्रश्नाला "ये" हा हो चालायचा आणि नकारार्थी प्रश्नाला खोडून काढायला जो शब्द होता तो म्हणजे "येस"! १५३२ साली टॉमस मोर यांनी बायबलचा अनुवादक टिंडेल याला छापील पुस्तकात सुनावलं होतं, की तुला नकाराच्या ने आणि नो या अशाच जोडीतला फरक कळत नाही. पुढं हा भेद पुसला गेला आणि सगळीकडं "येस" उरला. म्हणजे ज्या येसनं मला दोन रात्री जागवलं, तो मुळात इंग्रजीचा डॉख होता.

पण डॉखचं एवढंच काम नाही. दारात उभ्या असलेल्या माणसाला जर्मन लोक म्हणतात, "कोम डॉख राइन." आत ये की. नुसतं "कोम राइन" म्हटलं तर हुकूम वाटतो, डॉख घातला की आग्रह होतो. "सेत्स डिश डॉख." बस की. "डास वाइस्ट डू डॉख." तुला माहितीये की. इथं डॉख म्हणतो: हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे, उगाच माहीत नसल्यासारखं करू नकोस. आणि संशय खरा ठरला, की "आल्झो डॉख!" म्हणजे होतंच तर! कधी दोन वाक्यांच्या मध्ये येऊन तो सरळ "पण" होतो. कधी "तरीसुद्धा" होतो: येणार नाही म्हणत होता, शेवटी आलाच.

मी नायगावच्या आमच्या ओट्यावर संध्याकाळी चालणारं बोलणं आठवलं आणि एकेक वाक्य लावून बघितलं. "चहा घे की." "सांगितलो होतो की तुला." "आला की पाऊस!" जवळजवळ प्रत्येक ठिकाणी डॉख बसत होता. जिथं "की" बसत नव्हता तिथं "च" बसत होता. जर्मन शिकणाऱ्याला हा शब्द वर्षानुवर्षं नीट वापरता येत नाही म्हणतात. मला तो शिकायचाच नव्हता, फक्त आठवायचा होता.

आठवायचा होता, कारण मी तो टाकून दिला होता.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी हॉस्टेलच्या खोलीत आम्ही चौघं होतो. मी "अभ्यास केलो", "चहा पिलो" म्हणायचो. आमच्याकडं क्रियापद करणाऱ्या माणसाबरोबर चालतं, केलेल्या कामाबरोबर नाही. "काय करायलास?" विचारायचो. आणि आमचा "की" जरा लांबतो, शेवटी ओढ घेतो: "जेवलो कीऽ." कुणी मुद्दाम छळ केला नाही. फक्त मी काही बोललो, की खोलीत कुणीतरी तेच वाक्य माझ्या हेलात परत म्हणायचं आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. दुसऱ्या वर्षापर्यंत मी "अभ्यास केला" म्हणायला लागलो होतो. "जेवलो की" जाऊन "हो, झालं माझं जेवण" आलं. ऐकायला व्यवस्थित, शुद्ध आणि कुणाचंही.

घरी फोनवर मात्र दोन्हींची खिचडी व्हायची. माय एकदा म्हणाली होती, "तू आता टीव्हीतल्यावानी बोलायलास." तिनं ते कौतुकानं म्हटलं होतं, असं मी बरेच दिवस समजत होतो.

म्हणून मला जर्मन भाषेतल्या या शब्दांचा इतिहास वाचताना मजा वाटली. डॉखसारखे बरेच छोटे शब्द जर्मनमध्ये आहेत: या, माल, हाल्ट, एबन, शोन. पूर्वी व्याकरणाची माणसं त्यांना ठिगळं समजायची. लुडविग रायनर्स नावाच्या नामांकित शैलीतज्ज्ञानं १९४०च्या दशकात त्यांची गणना भाषेच्या अंगावरच्या उवांत केली होती. चांगलं लिहायचं तर या उवा वेचून काढा. मग १९६९ साली हाराल्ड वाइट या भाषाशास्त्रज्ञानं यांच्यावरच अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्यांना नवं नाव दिलं. त्या नावाचा अर्थ साधारण "छटा देणारे शब्द". भिंतीच्या रंगात दुसऱ्या रंगाचे थेंब टाकून छटा आणतात, तसे. शब्द तेच राहिले. काल ज्या उवा होत्या त्या आज परीक्षेत विचारल्या जातात आणि पुण्यातली मुलं पैसे भरून त्या शिकतात.

आता राहिलं मूळ. डॉख आठव्या शतकातल्या जुन्या जर्मनमध्ये "दोह" असा सापडतो. इंग्रजीतला "दो" (जरी, तरी) हा त्याचा सख्खा भाऊ. त्याहून जुनं रूप गॉथिक भाषेत आहे. ती भाषा चौथ्या शतकातल्या बायबलच्या अनुवादामुळं टिकली. तिथं हा शब्द "थाउह" असा आहे आणि त्याचे दोन तुकडे पडतात: "थाउ" आणि शेवटचा "ह". हा "ह" म्हणजे एकेकाळचा "आणि". मूळ भारोपीय भाषेत तो "क्वे"च्या जवळपासचा काहीतरी उच्चार होता. लॅटिनमध्ये तो "क्वे" राहिला. सिनेमात रोमन सैनिकांच्या निशाणावर एस पी क्यू आर ही चार अक्षरं दिसतात ना, "रोमचं सिनेट आणि जनता", त्यातला क्यू म्हणजे हाच "क्वे". जर्मन घराण्याच्या भाषांत जुन्या "क"चा "ह" झाला. लॅटिन "केंटुम"चा भाऊ जर्मन "हुंडर्ट", आपलं शंभर. याकोब ग्रिमनं हा नियम १८२२ साली सविस्तर मांडला. परीकथा गोळा करणाऱ्या दोन ग्रिम भावांतला तो थोरला. तसाच "क्वे"चा "ह" होऊन तो डॉखच्या शेपटीत जाऊन बसला.

आणि संस्कृतात त्याच "क्वे"चं काय झालं? "च" झाला. रामः च लक्ष्मणः च, त्यातला च.

इथं मी खुर्चीत सरळ बसलो. कारण मराठीतला जोर देणारा "च" ("मीच", "आलाच", "नाहीच") तोही याच च-च्या पोटी आलेला आहे. संस्कृतात "च" आणि "एव" जोडून "चैव" व्हायचं. प्राकृतात त्याचं "च्चेअ", "च्चिअ" झालं. बाराव्या शतकातल्या हेमचंद्रानं आपल्या प्राकृत व्याकरणात ही रूपं जोर देणारी म्हणून नोंदवली आहेत. ज्ञानेश्वरीच्या मराठीत तो "चि" आहे आणि पुढं इकार गळून नुसता "च" उरला. महाराष्ट्री प्राकृतातला नावाजलेला गाथासंग्रह सातवाहन राजा हालाच्या नावावर आहे आणि सातवाहनांची राजधानी पैठण. पैठणवरून वाहणारी गोदावरीच खाली नांदेडला येते. म्हणजे "की" आणि डॉख यांचं नातं कामापुरतं असेल, पण "च" आणि डॉख यांचं रक्ताचं आहे. हॉस्टेलच्या खोलीत मी जे लपवत होतो ते हे होतं.

आणि हा च आमच्याकडं थांबलाही नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड हैदराबाद संस्थानात होतं. मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी एकाच बाजारात बोलली जायची, अजूनही जातात. आमच्या गल्लीच्या तोंडाला सायकलचं दुकान असलेले चाचा म्हणायचे, "मैंइच बोला था ना तेरे कू." हा "इच" म्हणजे दखनीनं उचललेला मराठीचा च. हैदराबादेत आजही "ऐसाइच" ऐकू येतं. दिल्लीकडच्या उर्दूवाल्यांना तो खटकतो, हे ओघानं आलंच. चाचांकडून मला आणखी एक गोष्ट मिळाली. ते "क़लम"ला "ख़लम" म्हणायचे, घशातून, दखनीच्या रीतीप्रमाणं. डॉखमधला ख तोच आहे. क्लासात बाकीचे "डॉक" किंवा "डॉश" म्हणत असताना मॅडमनी माझा उच्चार दोनदा म्हणून घेतला आणि विचारलं, "कुठं शिकलास?" सायकलच्या दुकानात, असं सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं.

जर्मनीचं या जानेवारीत पक्कं झालं. निघायच्या आधी चार दिवस गावी जाऊन आलो. तुरी निघालेल्या, हरभरा गुडघ्याच्या खाली. अण्णांनी एकदाच विचारलं, "तिकडं थंडी लई असती म्हणं?" मायनं त्या चार दिवसांत एकही सरळ प्रश्न विचारला नाही. तिचे सगळे प्रश्न उलटे होते. "तिकडं ज्वारी मिळत नसंल." "आता तुला आमचं काही गोड लागायचं न्हाई." "फोन रोज जमायचा न्हाई तुला."

आधी मला हे टोमणे वाटायचे. या वेळी कळलं, की उलटा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला जे व्हायला नको असतं तेच तो आधी बोलून टाकतो. म्हणजे पुढच्यानं ते खोडून काढावं. तिथं "हो" म्हणून चालत नाही, "नाही" म्हणूनही चालत नाही. मायला मी इतकी वर्षं शुद्ध मराठीत लांबलचक समजावत आलो होतो: अगं, तसं काही नाही, आजकाल तिकडं सगळं मिळतं, व्हिडिओ कॉल असतो, कंपनीचं धोरण असं असतं. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा तोच प्रश्न दुसऱ्या बाजूनं विचारायची.

निघायच्या संध्याकाळी आम्ही तिघं नांदेडच्या एसटीची वाट बघत स्टँडवर उभे होतो. मायच्या हातात डब्याची पिशवी, अण्णांच्या खांद्यावर माझी बॅग. मी मागितली तरी देईनात. समोरून हैदराबादकडचे ट्रक जात होते. माय रस्त्याकडं बघत म्हणाली, "दिवाळीला काही तू येणार न्हाईस."

सुट्टी मंजूर झालेली नव्हती. तिकिटाचे दर मी बघून ठेवले होते आणि ते सांगण्यासारखे नव्हते. नव्या प्रोजेक्टची मोठी तारीख नेमकी ऑक्टोबरच्या शेवटी पडते, हेही मला माहीत होतं. मला जे माहीत होतं ते सगळं तिच्या बाजूनं होतं.

मी म्हणालो, "येतो कीऽ."

शेवटी ओढ घेऊन, आमच्याकडं म्हणतात तसा. मायनं माझ्याकडं बघितलं. मग पदरानं डबा पुसत म्हणाली, "बघ बाबा. मागंबी तू हो म्हणला होतास अन् रास झाल्यावर आलास."

अण्णा एसटीच्या दिशेनं बघत होते. तिकडंच बघत म्हणाले, "तवा हो म्हणला होता. आता येतो की म्हणलाय."